राजपुत्राची वेणी

वाचनालयाच्या बालविभागात मी तीस वर्षं काढली आणि त्या तीस वर्षांत मुलांना एकच नियम कानीकपाळी ओरडून सांगितला, की पुस्तकात पेनाने काही काढायचं नाही. वाघाला चष्मा लावायचा नाही, परीला दाढी काढायची नाही, राजाचा एखादा दात काळा करायचा नाही. असं करताना जो सापडेल त्याला मी पंधरा दिवस पुस्तक देत नसे. एका मुख्याध्यापकांच्या मुलालाही सोडलं नव्हतं, आणि हे माझ्या निरोप समारंभात मी स्वतःच उठून सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगेल असं लक्षण दिसेना. सांगितलं नाही ते हे, की आमच्या बालविभागातली सगळ्यात मोठी रेघोटी माझी स्वतःची आहे. एका राजपुत्राला मी काळ्या पेनाने वेणी घातली. वेणीवर गजरा काढला. नथही काढली, पण गुळगुळीत कागदावर शाई ओघळली आणि नथ ओठापर्यंत आली.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. अमरावतीला स्वतःच्या घरी असते. सकाळी फिरायला जाते आणि बरोबरच्या बायकांना बालवाचनाचं महत्त्व ऐकवते. त्या हल्ली दुसऱ्या रस्त्याने जातात, म्हणून इथे लिहिते आहे.

नोकरी अकोल्याला होती. सोमवार ते शनिवार भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने अमरावती गाठायची. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर वाचत बसलेली बाई. प्रत्यक्षात मी दिवसभर डिंक, सुई-दोरा आणि फाटकी पानं घेऊन बसलेली असे. वाचकही एकेक नमुने. एक आजोबा दर आठवड्याला यायचे आणि म्हणायचे, "ज्याच्यात कोनी मरत नाई असं द्या." परीकथांमध्ये असं पुस्तक शोधणं फार अवघड असतं, कारण राक्षस तरी मरतोच. एक बाई पुस्तकाचं नाव न विचारता रंग सांगायच्या, "निळं द्या." ते त्यांच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांना शोभलं पाहिजे असे.

नवं पुस्तक आलं की आधी ते दाखल नोंदवहीत चढवायचं. तिथे त्याला एक नंबर मिळतो आणि तो नंबर त्याच्या मरणापर्यंत त्याचाच असतो. मग शिक्के. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक गुप्त पानावर. हे गुप्त पान बाहेरच्यांना माहीत नसतं. चोराने पहिलं आणि शेवटचं पान फाडलं तरी पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता यावं, म्हणून प्रत्येक वाचनालय आतलं एक पान ठरवून ठेवतं. आमचं सतरावं होतं. चित्रांच्या पुस्तकांना बहुतेक वेळा पानांचे आकडेच नसतात, म्हणून मी मोजत असे, एक, दोन, तीन, आणि सतरा आलं की ठप्प. मोजणाऱ्याला वाचता येत नाही. राजपुत्र आहे, राक्षस आहे, शेवटी हत्तीवरून वरात आहे, एवढं दिसलं की मी पुस्तक कपाटात लावून मोकळी होत असे. तपासणीला आलेल्यांना मात्र मी सांगायचे, की बालविभागातला शब्द न् शब्द माझ्या नजरेखालून जातो.

अशाच एका दुपारी, एका गठ्ठ्यातून ते पुस्तक आलं. एका गावातली झोप राक्षसाने चोरली आहे. राजा जागा, प्रधान जागा, कोंबडेसुद्धा जागे, त्यामुळे त्यांना आरवायचं कधी तेच कळेना. विणकराचा मुलगा ठरवतो, की राक्षसासाठी एवढी मोठी गोधडी शिवायची की तोच तिच्यात झोपी जाईल. राजपुत्र त्याला मदत करतो. राक्षस झोपतो, लोकांना झोप परत मिळते, आणि राजा नेहमीप्रमाणे जाहीर करतो, "माग. अर्धं राज्य आणि राजकन्या."

हे मी शनिवारच्या गोष्टींच्या तासाला, पंचवीस मुलांसमोर, पहिल्यांदाच वाचत होते. गोष्टी सांगण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही असा माझा समज होता. राक्षसाचा आवाज मी पोटातून काढायचे आणि मुलं एकमेकांना सांगायची, की बाईंना खोकला झाला आहे. तर मी राजाच्या आवाजात "अर्धं राज्य आणि राजकन्या" असं दणकून म्हटलं आणि पान उलटलं. विणकराचा मुलगा म्हणत होता, "राजकन्या फार चांगली आहे. पण मला राजपुत्र आवडतो. सगळ्या रात्री जागून मला सुई ओवून देणारा तोच होता." राजकन्या शेजारी उभी राहून म्हणत होती, "सुटले बाई!" आणि चित्रात ते दोघं एकमेकांना हार घालत होते. ते सतरावं पान होतं. दोघांच्या बरोबर मध्ये आमच्या वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का, लग्न नोंदवून घेतल्यासारखा ठसठशीत बसलेला.

मी थांबले. मुलं थांबली नव्हती. एकाने विचारलं, "राक्षस पुन्हा जागा झाला का मंग?" दुसऱ्याने विचारलं, "अर्धं राज्य म्हंजे किती एकर?" बाकी कोणाला काही पडलेलं नव्हतं. फक्त पुढे बसलेली पिहू, वय वर्षं सहा, उठून आली आणि चित्रावर बोट ठेवून दाराकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "आबा, हा नितीनमामा अन् हा जयेशमामा!"

दारात तिचे आबा उभे होते, देवमनभाऊ. ते बाळापूरच्या अलीकडच्या एका गावात झेंडू आणि शेवंती लावतात. दर शनिवारी फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचे, आणि बाजार आटोपला की अकोल्यात दिलेल्या मुलीकडून नातीला घेऊन आमच्याकडे यायचे. शाळा चौथीपर्यंत. "बाई, मोठ्या अक्षराचं द्या," म्हणायचे आणि बोट ठेवून वाचायचे. नातीच्या नावाखाली स्वतःच वाचतात हे मला केव्हाच कळलं होतं. चित्रांवर त्यांची टीकाही असे. "ह्या राजाच्या बागेत सारेच फुलं एकाच वक्ताला फुलून राह्यले. असा राजा बुडन एक दिवस," असं त्यांनी एकदा मला ऐकवलं होतं.

त्या दिवशी त्यांनी पिहूच्या बोटाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाल वो बेटा, तुयी माय वाट पाहून राह्यली असन." पण जाताना ते पुस्तक त्यांनी कार्डावर घेतलं. पुढच्या आठवड्यात मुदत वाढवून घेतली, त्याच्या पुढच्याही आठवड्यात. "नातीले लय आवडलं," म्हणाले. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट, वाचनाची गोडी लावण्यात आपण किती पटाईत आहोत, हे मी कारकुनाला समजावून सांगितलं.

पुस्तक परत आलं आणि इतर मुलांकडे फिरू लागलं. मग एके दिवशी सूचना वहीत तक्रार आली. एका पालक बाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, की माझा सात वर्षांचा मुलगा हे पुस्तक वाचून विचारतो आहे, मोठेपणी कोणाशीही लग्न करता येतं का, तरी कृपया लक्ष द्यावे. बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना मुलाच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं आणि त्यांनी ते मला विचारलं होतं.

मी घाबरले. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या महिनाभर आधी मी अमरावतीत 'मुलांना मोकळं वाचू द्या' या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं. शाल मिळाली होती. शेवटी मी म्हटलं होतं, की पुस्तकाला हात लावणारा हात मुलाच्या मनाला हात लावतो. टाळ्या पडल्या होत्या. ती शाल खोलीत दोरीवर वाळत असताना मी ती सूचना वही घेऊन वाचनालयाच्या कार्यवाहांच्या टेबलापुढे उभी होते.

कार्यवाह म्हणाले, "काढून टाका ना बाई थे पुस्तक. कायले डोक्याले ताप?"

पण वाचनालयातून पुस्तक काढणं हे दाखल करण्यापेक्षा कठीण असतं. त्यासाठी समितीचा ठराव लागतो आणि ठरावात कारण लिहावं लागतं. 'जीर्ण' लिहिता येईना, पुस्तक नवं होतं. 'वाचक नाहीत' लिहिता येईना, कारण ते कपाटात टिकतच नव्हतं. खरं कारण लिहायचं तर ते कोणी तरी मोठ्याने सांगायला हवं होतं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायला हवं होतं. कार्यवाहांनी पंख्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "तुमचं तुमी पाहा. मी काई पाह्यलं नाई अन् मले काई माहीत नाई."

दारं बंद करून मी बांधणीच्या खोलीत बसले आणि 'दुरुस्ती' केली. आमच्या धंद्यात दुरुस्ती हा पवित्र शब्द आहे. सुटलेलं पान चिकटवणं, उसवलेली शिवण घालणं म्हणजे दुरुस्ती. मी वेणी काढली, गजरा काढला, नथ काढली. 'राजपुत्र' या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यावर लिहिलं, 'दुसरी राजकन्या'. ही दुसरी राजकन्या अचानक कुठून उगवली, याचा खुलासा केला नाही. आधीच्या सोळा पानांवर ती कुठेच नव्हती. आणि एक अडचण मला सगळं झाल्यावर दिसली. राजपुत्राला मिशी होती. मिशी पुसायची कशी ते सुचेना, म्हणून मी ती तशीच राहू दिली. पुढच्याच शनिवारी एक मुलगी पुस्तक घेऊन आली आणि विचारू लागली, "बाई, ह्या नवरीले मिशी कावून हाय?" मी तिला सांगितलं, की काही काही बायकांना असते. माझ्या उत्तराने तिचं समाधान झालं, माझं झालं नाही. पण मी कपाट बंद केलं आणि घरी जाऊन नीट जेवले. जेवण गेलं याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर बरेच आठवडे गेले. एका गुरुवारी भर दुपारी देवमनभाऊ आले. गुरुवार हा त्यांचा दिवस नव्हता, पिहूही बरोबर नव्हती. "बाई, थे गोधडीवालं पुस्तक द्या," म्हणाले. मी टाळाटाळ केली, ते बांधणीला गेलंय म्हणाले. पण पुस्तक त्यांना समोरच्या कपाटात दिसत होतं. त्यांनी काढलं, पान शोधलं, आणि पट्टीवरची अक्षरं बोट ठेवून वाचली.

"हे कोनं केलं?"

मी म्हणाले, "मुलं काढतात हो. कितीही सांगा."

तीस वर्षांच्या नोकरीतलं माझं सगळ्यात हलकं वाक्य ते हेच. ज्या मुलांना मी परीची दाढी काढली म्हणून रडवलं, त्यांच्याच नावावर मी माझी वेणी खपवत होते.

देवमनभाऊंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. फुलं गुंफण्यात त्यांचा जन्म गेलेला. "पोट्ट्याचं काम नोय हे," म्हणाले. "गजऱ्यातलं एकेक फूल बसवून काढलं हाय. लेकराले इतका धीर नसते."

मी खाली पाहिलं. मग मी सांगितलं, "मी काढली."

"काहून?"

"भ्याले."

ते ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी ओरडावं असंही वाटत होतं. पण ते मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीपर्यंत आले, आणि हळू म्हणाले, "मी बी भेलो बाई. आठ दिवस झाले, भेऊनच राह्यलो."

मग त्यांनी सांगितलं. नितीन त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. जयेश त्याच्याबरोबर राहतो, पाच वर्षं झाली. मित्र आहे, एवढंच घरी माहीत होतं. पिहू आईच्या मोबाइलवर दोघांना बघायची, दोघांनाही मामा म्हणायची. तिने चित्रावर बोट ठेवलं त्या दिवशी देवमनभाऊंना पहिल्यांदा शंका आली. त्यांनी ते पुस्तक दोनदा मुदत वाढवून, बोट ठेवून ठेवून वाचलं, आणि शेवटी आठ दिवसांपूर्वी नितीनला फोन करून सरळ विचारलं. नितीन हो म्हणाला. त्याच्या बहिणीला सगळं माहीत होतं. एका आईलाच माहीत नव्हतं.

"आता थो रविवारी येऊन राह्यला, जयेशले घेऊन. मले म्हने, बाबा, मायले आधी सांगून ठेवा. तिले चालत नसन तं आमी अकोल्याच्या स्टेशनवरूनच वापस जातो, अन् मंग पुन्हा येत नाई. अन् इकडे तिनं सोमवारी अकोटले पोरगी पाहाले जायचं ठरवलं हाय. साडी घेऊन ठेवली पोरीसाठी. बाई, मी रोज सांगाले बसतो अन् तोंडातून शब्द निघत नाई. तिले वाचता येत नाई, म्हून इथले पुस्तकं मी तिले वाचून दाखवतो, ते चित्रं पाह्यते. मी म्हनलं, हे पुस्तक वाचून दाखवतो. जे मले बोलता येत नाई थे पुस्तक बोलन."

आणि त्या पुस्तकात मी नवरी बसवून ठेवली होती.

मी उठले आणि लागलीच पुसायला बसले. आधी रबर. मग ओला कापूस. मग बांधणीच्या खोलीतलं स्पिरिट. नथ निघाली, पण तिच्याबरोबर नाकही निघालं. वेणी ब्लेडने खरवडली तर राजपुत्राचा एक कान गेला आणि डोक्यावर चाई लागल्यासारखा पांढरा डाग पडला. पट्टी ओढली तर 'दुसरी' निघाली आणि 'राजकन्या' राहिली. देवमनभाऊ शेजारी उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

"राहू द्या. त्याचे काय हाल करता अजून?" मग म्हणाले, "तुमीच चाला घरी. शनिवारी सांगता तशी तोंडानं सांगा. राक्षसाच्या आवाजानं."

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बाळापूरच्या एसटीत बसले. पुस्तक पिशवीत होतं. वाटेत मी मनातल्या मनात प्रस्तावना तयार करत होते, समाज बदलतो आहे, प्रेम हे प्रेम असतं वगैरे. भाषणाची सवय लवकर सुटत नाही. पण त्यांच्या अंगणात पाय ठेवला आणि त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

वच्छलाबाई, म्हणजे देवमनभाऊंची बायको, अंगणात शेवंतीच्या ढिगापाशी बसून फुलं निवडत होत्या. त्यांनी चहा केला, चौकशी केली. अकोल्याहून एवढी वाचनालयाची बाई घरी आली म्हणजे नवऱ्याने पुस्तक फाडलं असावं, अशी त्यांची समजूत झाली होती. "काय नुकसान केलं यायनं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नुकसान मीच केलंय, आणि मी गोष्ट सांगायला आले आहे. त्या हसल्या. "सांगा बापा," म्हणाल्या आणि फुलं निवडू लागल्या.

मी सांगायला सुरुवात केली. चित्रं दाखवत, पानं उलटत. राक्षसाच्या आवाजाला त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "घसा बसन बाई तुमचा." गोधडी शिवण्याची पानं त्यांना फार आवडली. राजपुत्र सुई ओवून देतो तिथे त्यांनी मान डोलावली. मग मी राजाचं बोलणं सांगितलं, विणकराच्या मुलाचं उत्तर सांगितलं, आणि ते पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी पाहिलं. "याले काय झालं? नाक कुठं गेलं याचं?"

"मी खरवडलं," मी म्हणाले. "त्याआधी मी त्याला वेणी काढली होती. पण तो नवरी नाही, वच्छलाबाई. तो राजपुत्रच आहे. त्या दोघांचंच लग्न आहे."

देवमनभाऊ गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "वच्छला, आपला नितीन..." आणि त्यांनी त्या चित्राकडे बोट दाखवलं.

वच्छलाबाईंचा हात फुलांत थांबला. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग हातातली फुलं ढिगात टाकून त्या चित्रावर वाकल्या. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा मला चालती करतील. त्यांनी विचारलं, "याची माय कोनत्या पानावर हाय?"

"कोणाची?"

"या राजाच्या पोराची. नाई तं त्या दुसऱ्याची. माय असन ना दोघाइले."

मी पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. राजा होता, प्रधान होता, राजकन्या, राक्षस, कोंबडे, हत्ती. राणी नव्हती. विणकराच्या घरात चूल होती, पण चुलीपाशी कोणी नव्हतं. तीस वर्षं मी ही पुस्तकं हाताळली, त्यांवर भाषणं ठोकली, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

"नाही आहे," मी म्हणाले.

"मंग तिले कोनी सांगतलं?"

मी परत ते सतरावं पान उघडलं.

"कोनीच नाई," त्याच म्हणाल्या. "पोरीले माहीत. बापाले माहीत. सहा वर्साच्या पोट्टीले बी माहीत असन. एका वाचनालयाच्या बाईले माहीत. अन् ज्या मायनं त्याले पोटात वागवलं तिले आता माहीत होऊन राह्यलं, शुक्रवारी, सोमवारची साडी घेऊन ठेवल्यावर. काहून? मी का राक्षस हाव?"

देवमनभाऊ रडायला लागले. त्यांच्या बायकोने त्यांना गप्प केलं नाही. त्या उठून घरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, एक डबा उघडला, एक बंद झाला. मी अंगणात पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. आपण आलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं, आणि त्या वाटण्याचीही लाज वाटत होती. भ्यायला मी कुठेही भिऊ शकते, अकोल्यात काय आणि बाळापुरात काय.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं. नवऱ्याला म्हणाल्या, "अकोटले फोन लावा. सोमवारी आमी येत नाई म्हना." देवमनभाऊंनी खिशातून मोबाइल काढला आणि ते नंबर शोधू लागले. मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पेन हाय का तुमच्यापाशी?"

होता. माझ्या पिशवीत पेन नेहमीच असतो.

"मले काढा याच्यात."

"वच्छलाबाई, मला चित्र काढता येत नाही. तुम्ही बघितलंत ना काय केलंय ते."

"वेनी काढता आली ना? मंग माय बी येईन काढता." त्यांनी त्या पानावर हात फिरवला आणि दोघांच्या बाजूला, वरातीसाठी राजवाड्याच्या दाराशी आणलेल्या हत्तीच्या पायापाशी, कोरी जागा होती तिथे बोट टेकवलं. "इथं काढा. दाराच्या जवळ."

मी पेनाचं टोपण काढलं. हे पुस्तक आता वाचनालयात परत जाणार नाही हे मला कळत होतं. सोमवारी मी नोंदवहीत त्याच्या नंबरापुढे 'वाचकाकडून परत आले नाही' असं लिहिलं, आणि तपासणीत मला कोणी काही विचारलं नाही. त्या अंगणात मात्र मी त्यांचं बोट होतं तिथे पेन टेकवला. मी डोकं काढलं, अंबाडा काढला, लुगड्याचा पदर काढला. कपाळावर कुंकवाचा ठिपका दिला, तो जरा मोठाच झाला. वच्छलाबाई मान वाकडी करून बघत होत्या.

"इतकी जाडी नाई मी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चित्रातल्या बाईच्या हातांवर बोट ठेवलं. ते मी नुसतेच खाली सोडलेले होते.

"ताट काढा हातात. दिवा लावलेलं. पोरं दारात येऊन उभे हायेत, अन् मी काय रिकाम्या हातानं उभी राहू?"